मधल्या भिंतीपर्यंतची कौलं

“रत्नागिरीत घरभाडं अगदी स्वस्त आहे. फक्त भाड्यानं घर मिळत नाही.” हे वाक्य आगाशे बाई नववीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना इतक्यांदा म्हणायच्या, की मुलींना ते पुस्तकातलंच वाटायचं. एका मुलीनं ते परीक्षेत उत्तर म्हणून लिहिलं. बाईंनी तिला पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तिनं चुकीचं काय लिहिलंन तेवढं सांगा, मी कापते गुण.” मुख्याध्यापकांचं स्वतःचं बिऱ्हाड तेव्हा मेहुण्याच्या पडवीत होतं. त्यांनी पेपर परत दिला.

बाई रागीट आहेत हे सगळं गाव सांगायचं. मला मात्र त्यांचा राग पहिल्या दिवसापासून पटला, कारण मी स्वतः तेव्हा संतापलेली होते. ऐंशी साल उलटून गेलं होतं. आमच्या ह्यांना मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी लागली, मला मुलींच्या शाळेत, आणि कराडहून ट्रंका, वळकट्या आणि एक स्टोव्ह घेऊन आम्ही निघालो ते एसटी स्टँडजवळच्या लॉजवर येऊन पडलो. रोज शाळा सुटली की घर शोधायचं. घरं दिसत होती. चांगली चिरेबंदी, पुढं अंगण, मागं माड आणि दाराला कुलूप. शेजारी विचारलं की कळायचं, मालक मुंबईला असतात, गणपतीत येतात. जे मालक इथंच होते ते ओटीवर बसवून कोकम सरबत द्यायचे, आमच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे आणि मग सांगायचे, “खोल्या आहेत हो, पण द्यायच्या नाहीत. एकदा माणूस आत शिरला की जन्माचा झाला. आमच्या जमिनी गेल्या कुळांकडे, आता घर तरी राहू दे.”

जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या ते योग्यच झालं असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. पण त्याचा धसका या लोकांनी पार माजघरापर्यंत आणला होता आणि भोगत होतो आम्ही. भाडेकरूचं रक्षण करणारा कायदा होता. भाडं वाढवता येत नव्हतं, कुणाला सहजासहजी बाहेर काढता येत नव्हतं. फार चांगला कायदा. जे आधीच आत होते त्यांचं त्यानं उत्तम रक्षण केलं, आणि जे बाहेर होते त्यांना लॉजच्या ढेकणांवर सोडून दिलं. याचा मला आजही राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

बाई शाळेत चालत यायच्या. उंच, काटक, पदर घट्ट खोचलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि हातात बारा महिने छत्री. वाटेवरच्या प्रत्येक बंद घराशी त्या थांबायच्या आणि छत्रीच्या टोकानं कुलूप वाजवायच्या. ठण. “हे बोरिवलीला.” ठण. “हे ठाण्याला. सुनेला इथला दमटपणा सोसत नाही.” ठण. “हे अमेरिकेत. कुलपाला तेल घालायला माणूस ठेवलाय मेल्यानं, घरात नाही ठेवलंन कुणाला.” पहिल्या दिवशी मी लाजून रस्त्याच्या पलीकडून चालले. आठवडाभरानं मीही एक कुलूप हातानं हलवून पाहिलं.

मग मला कळलं की बाईंच्या स्वतःच्या घराची पुढची खोली रिकामी आहे आणि तिलाही कुलूप आहे. मी ते वाटेतच बोलून दाखवलं. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मागचा सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला.

“आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मी ती तुम्हाला भाड्यानं देणार नाही. कळलं?”

पुढं बरेच दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि एका दुपारी स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत, डबा खाता खाता म्हणाल्या, “सुलभा, सामान घेऊन ये उद्या. भाडं घेणार नाही मी. एक पै माझ्या हातावर ठेवलीस तर त्याच दिवशी बाहेर काढीन.”

मला वाटलं, केवढं हे मन. तसं काही नव्हतं. भाडं घेतलं की आम्ही भाडेकरू, आणि भाडेकरू त्यांना या जन्मात पुन्हा नको होता. फुकट राहतो तो पाहुणा, आणि पाहुण्यासाठी अजून कुणी कायदा केलेला नाही, असं त्या वकिलाकडून खातरजमा करून आल्या होत्या. ज्या बाईला पगाराला जोड म्हणून चार पैसे खरोखर हवे होते, ती बाई कायद्याच्या भीतीनं ते सोडून देत होती. आमच्या ह्यांना फुकट राहणं अपमानाचं वाटे. ते एकदा कराडहून येताना द्राक्षांची करंडी घेऊन आले. बाईंनी ती ओटीवर ठेवायला सांगितली, हात लावला नाही. संध्याकाळी वकिलाकडे जाऊन आल्या. द्राक्षं भाड्यात धरली जाऊ शकतात का, हे विचारायला. वकील हसले म्हणून त्यांच्यावरही चिडल्या. दुसऱ्या दिवशी अख्खी करंडी स्टाफरूममध्ये वाटली आणि म्हणाल्या, “मी यातलं खाल्लेलं नाही, सगळ्यांनी बघून ठेवा.” एक घोस मात्र पदराखालून घरी गेला, तो मी पाहिला.

आता त्या घराविषयी सांगायला हवं. जांभ्या दगडाचं लांबोडकं कौलारू घर. वर एकच आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं लाकूड. खाली मधोमध भिंत. डावीकडं बाई, एकट्या. पुढची खोली आमची. भिंतीच्या उजवीकडचं अर्धं घर बाईंच्या वडिलांनी त्यांच्या लहानपणी एका कुटुंबाला भाड्यानं दिलेलं. तो भाडेकरू जाऊनही जमाना झाला. त्याचा मुलगा शशी काजूच्या धंद्यात वर आला आणि त्यानं गावाबाहेर गच्चीचा बंगला बांधला, खाली गाडी ठेवायला जागा. पण या अर्ध्या घराचं कुलूप त्यानं सोडलं नाही. कशाला सोडेल? भाडं बाईंच्या वडिलांनी ठरवलं होतं तेवढंच, आणि वर्षभराच्या भाड्यात छपराच्या एका उतरत्या पाखाची कौलंही परतून झाली नसती. शशी अमावास्येला यायचा, खोल्या झाडायचा आणि जाताना एक दिवा चालू ठेवायचा, वस्ती दिसावी म्हणून. रिकाम्या घरात तो पिवळा दिवा रात्रंदिवस जळायचा. सरकलेल्या कौलांतून त्याचा उजेड बाहेर यायचा आणि बाईंचं डोकं तापायचं.

“भाड्यानं द्यायच्या आधी माझी आई ज्या खोलीत गेली ती खोली तिकडे आहे,” त्या म्हणायच्या. “रिटायर व्हायच्या आत मला माझं अख्खं घर एकदा झाडायचंय. जास्त काही मागत नाही मी.”

कोकणात पावसाआधी कौलं परततात. काढायची, झटकायची, फुटकी बदलायची, पुन्हा नीट बसवायची. हे नाही केलं तर घर एका पावसाळ्यात हरतं. बाई हे काम गड्याच्या जोडीनं स्वतः करायच्या. पन्नाशी उलटलेली शिक्षिका पदर खोचून छपरावर, हा गावाला दरवर्षीचा तमाशा होता. बघणाऱ्यांना त्या वरूनच विचारायच्या, “काय, परतायला येताय का? नाहीतर चालू लागा.” आणि मधली भिंत जिथं असेल तिथं त्यांचा हात थांबायचा. नेमका तिथं. त्याच्या पुढचं एक कौल त्या सरळ करायच्या नाहीत. दुरुस्ती मालकानं करायची असं शशी म्हणायचा. एवढ्या भाड्यात दुरुस्ती होत नाही असं बाई म्हणायच्या. कायद्याच्या पुस्तकात दोघांनाही आधार होता. वकिलानं बाईंना हळूच सांगितलं होतं, “हात लावू नका. ती बाजू पडू दे. घर पडलं की भाडेकरूही गेला.” गावातले निम्मे घरमालक हेच करत होते. आपलीच घरं पडायची वाट बघत बसलेली शहाणी माणसं. हसावं की थोबाडीत मारावी, मला कळायचं नाही.

आणि आम्हालाही त्या कायद्याचा प्रसाद होताच. सलग राहिलो तर हक्क सांगू, म्हणून दर वैशाखात बाई आम्हाला घराबाहेर काढायच्या. खरोखर. शेजारच्या दोघांना साक्षीला बोलवायचं, आमच्या ट्रंका, भांडी, वळकट्या अंगणात आणून ठेवायच्या, खोलीला कुलूप घालायचं, किल्ली बाईंच्या कमरेला. मग त्याच अंगणात, आमच्याच सामानाच्या शेजारी, केळीच्या पानावर जेवण. आमरस, सांदणं, फणसाची भाजी. साक्षीदारांसह सगळे तुडुंब जेवायचे. संध्याकाळी बाई कुलूप काढायच्या आणि म्हणायच्या, “या हो पाहुणे. किती दिवस राहायचा विचार आहे?” पहिल्या वर्षी मी हसले. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेलेले होते आणि माझा पातेल्यांचा संसार रस्त्यावरून जाणारे येणारे बघत होते, तेव्हा मी आमरसाची वाटी बाजूला सारली. मी बाईंना तसं बोलले. “राग आला ना?” त्या म्हणाल्या. “यायलाच हवा. पण माझ्यावर एकटीवर काढू नकोस, पुष्कळ जण आहेत.” आणि पानावर आणखी एक सांदण वाढलं.

त्याच वर्षी बाईंनी शशीवर दावा लावला. स्वतःचा बंगला आहे, इथं कुणी राहत नाही, घर मोकळं करून द्या. बाजू भक्कम होती. वकिलाची कळी खुलली होती. शशीलाही ते कळलं असावं, कारण पाऊस संपता संपता एका सकाळी त्याची गाडी दारात आली आणि तिच्यातून त्याची आई उतरली. द्वारकाकाकी. वाकलेली, एक पिशवी, एक घोंगडी. शशीनं कुलूप काढलं, तिला आत सोडलं, खाट टाकली, स्टोव्ह आणि रॉकेलचा डबा ठेवला आणि तो निघून गेला. आता घरात वस्ती होती. ज्या आईच्या जिवावर हा माणूस वाढला, तिला त्यानं कुलपासारखं दाराला लावून ठेवलं. इतकी वर्षं झाली, पण ती गाडी वळताना आठवली की माझ्या कपाळाची शीर अजून उडते.

बाई काकीशी एक शब्द बोलल्या नाहीत. काकीही नाही. दोघींची विहीर एक, पण एक आली की दुसरी कळशी घेऊन परत फिरायची. माझं बाळ तेव्हा लहान होतं. ते रडलं की भिंतीपलीकडून काकीचा आवाज यायचा, “काय झाला गो त्याला? पोट बघ, पोट.” आणि अलीकडून बाई ओरडायच्या, “सुलभा, पोट बघ त्याचं.”

मग वैशाख आला आणि आमचा बाहेर पडायचा दिवस आला.

साक्षीदार ओट्यावर बसलेले. स्वयंपाकघरातून फणसाच्या भाजीचा वास येत होता. आमचे हे ट्रंका बाहेर आणत होते, मी भांडी. बाई कुलूप हातात घेऊन दाराशी उभ्या. काकी तिच्या दारात येऊन हे सगळं पाहत होती. तिला या प्रकाराची काहीच कल्पना नव्हती. तिला दिसलं ते एवढंच, की एक मालकीण, एक लेकुरवाळी बाई आणि अंगणात पातेली.

ती म्हातारी अंगणात आली, माझ्या हातातलं पातेलं हिसकावून घेतलं आणि वळकटीवर जाऊन बसली.

“इंदू,” ती म्हणाली. बाईंना नावानं हाक मारणारं त्या गावात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. “तुज्या बापसानं केलान तां केलान. आता तू पन? पोराला दूध पाजते ती बाय. लाज नाय?”

साक्षीदारांपैकी एक जण हसला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू तोंडातच राहिलं. मी काकीला समजवायला गेले, “अहो, हे खरं नाही, संध्याकाळी परत आत जायचंय आम्हाला.” तिनं ऐकलंच नाही. एकेक भांडं उचलून ती आपल्या खोल्यांत नेऊ लागली. “माज्याकडं ऱ्हा बाय. जागा रग्गड हाय. मला कोन काडतो बघू. कायदा हाय.”

माझी पातेली, माझा स्टोव्ह, बाळाची दुपटी, सगळं मधल्या भिंतीपलीकडं गेलं. ते आणायला कुणीतरी जायलाच हवं होतं. बाई गेल्या. मी मागोमाग गेले. उंबरठ्यावर त्या क्षणभर घुटमळल्या, मग आत शिरल्या.

आत उजेड होता. दिव्याचा नव्हे, वरून येणारा. जागोजाग आभाळ दिसत होतं. काकीची खाट कोपऱ्यात ओढलेली, वर खताच्या पोत्याचं प्लास्टिक बांधलेलं. तिनं मागच्या पावसाळ्याची शेवटची सर त्याच्याखाली काढली असणार. बाईंनी मान वर केली आणि आढ्याकडे बघत राहिल्या. मधल्या भिंतीवर टेकलेला त्याचा भाग काळा पडून भुसभुशीत झाला होता. काकीनं कोपऱ्यातली काठी उचलून त्याला टोचली, तर लाकडाचा चुरा खाली पडला. तेच आढं पुढं बाईंच्या माजघरावर गेलेलं, आणि आमच्या खोलीवर, जिथं बाळाची झोळी बांधलेली होती.

बाई भांडी न घेताच बाहेर आल्या. त्या दिवशी जेवणं झाली नाहीत. साक्षीदार उपाशी गेले आणि गावभर बोलले. संध्याकाळी आमची भांडी मीच परत आमच्या खोलीत आणली. बाई ओटीवर बसल्या होत्या, मी बाळाला घेऊन शेजारी बसले.

“मी दहा वर्षांची असेन,” त्या म्हणाल्या. “हिचा नवरा गेला आणि महिन्याभरात बाबांनी हिची भांडी अंगणात ठेवलंनीत. भर आषाढात. शशी हिच्या कडेवर. मी या इथे, ओटीवर उभी राहून बघत होते. कुणीतरी हिला वकिलाकडे नेलंन, कोर्टाचा कागद आला, आणि बाबांना ती भांडी स्वतःच्या हातानं आत ठेवावी लागली. तो कायदा नसता ना सुलभा, तर ही बाई त्या पावसात मेली असती. तो कायदा मी वर्गात शिकवते तेव्हा मला हीच दिसते. आणि त्याच कायद्यानं त्या शशीला माझं अर्धं घर आंदण दिलंन, आणि तुला दारोदार हिंडवलंन. मग मी शिव्या कुणाला घालू? सांग ना. नागरिकशास्त्र शिकवते मी.”

मला आजही इतकंच वाटतं, की ज्यांनी तो कायदा केला त्यांनी भाडं धरून ठेवलं आणि नवी घरं कोण बांधणार याचा विचार सोडून दिला, आणि ज्यांच्याकडे घरं होती त्यांनी कुलपं घालून हात झटकले. मधल्या मधे सापडल्या या दोघी, एका आढ्याखाली.

बाई दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेल्या. वकिलानं स्पष्टच सांगितलं, “म्हातारी राहतेय, त्यात तुम्ही दुरुस्ती करून दिलीत, तर दावा कशावर चालवू? आणखी एक पावसाळा कळ काढा. काम आपोआप होतंय.”

“काम म्हणजे कुठलं?” बाईंनी विचारलं. “ती खाली असताना?”

वकील म्हणे, मी तसं म्हटलेलं नाही. बाईंनी त्यांच्या टेबलावरचे आपले कागद उचलले, छत्री उचलली आणि चालत घरी आल्या. वाटेत कुठलंही कुलूप वाजवलं नाही, हे मला शेजारणीनं आवर्जून सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात ह्यांना कारखान्याचं क्वार्टर मिळालं, मिरजोळ्याला. आम्ही या वेळी खरंच बाहेर पडणार होतो. टेंपो सकाळी दारात आला. बाईंचा निरोप घ्यायला मी आत गेले तर घर उघडं आणि बाई नाहीत. अंगणात शिडी लावलेली होती.

बाई छपरावर होत्या. गडी आढ्याला नवं लाकूड जोडत होता आणि बाई कौलं परतत मधल्या भिंतीच्या पुढं गेल्या होत्या. चांगल्या पुढं. केस धुळीनं पांढरे, तोंडाचा पट्टा चालू. शशीच्या नावानं, वकिलाच्या नावानं, बोरिवली-ठाण्याच्या नावानं, आणि आपल्या वडिलांच्याही. प्रत्येक कौलागणिक एक शिवी. खाली शिडीला धरून द्वारकाकाकी उभी होती. ती खालून एकेक कौल पुसून वर देत होती आणि देताना बोलत होती.

“बाई, निघालो आम्ही,” मी ओरडले.

त्यांनी वळून पाहिलं. “नीट बघून ने सगळं. झोळीची दोरी राहिलीय आत, आढ्याला. ती काढ. बाळाला जप.” आणि पुन्हा कामाला लागल्या.

टेंपो वळायला थोडा वेळ लागला, म्हणून शेवटचं तेवढं ऐकू आलं.

“इंदू, त्या कोपऱ्यातला ऱ्हायला बघ. थंयसूनच गळतंय माज्या खाटेवर.”

“दिसतंय मला. माझं घर आहे हे.”

“घर तुजा,” काकी म्हणाली आणि पुढचं कौल वर केलं. “ऱ्हाते मी. नीट लाव.”

बाईंनी ते कौल घेतलं, झटकलं आणि नीट लावलं.